मानमरातब आणि तारे : हवाई दलातील पददर्शक ध्वजांची चिकित्सा

ध्वजासंबंधीचा विचार मराठीत बहुधा राष्ट्रध्वजापासून सुरू होतो आणि धर्मध्वज, पक्षध्वज अशी वळणे घेत पुन्हा राष्ट्रध्वजापाशी येऊन थांबतो. लष्करी ध्वजांचा उल्लेख झालाच तर तो पलटणीच्या निशाणापुरता होतो. अधिकाऱ्याचे पद दर्शविणारा ध्वज मात्र या चर्चेच्या बाहेरच राहतो. कार्यालयापुढील काठीवर किंवा मोटारीच्या अग्रभागी फडकणारे ते लहानसे कापड सामान्य नागरिकाला दिसते, परंतु वाचता येत नाही. वाचता न येणारे चिन्ह आदर मात्र निर्माण करते, ही गोष्ट चिन्हमीमांसेच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रस्तुत लेखात हवाई दलांमधील पददर्शक ध्वजांचा, विशेषतः ब्रिटिश हवाई दलाच्या परंपरेचा व तिच्या भारतीय वारशाचा, चिन्हव्यवस्था म्हणून विचार केला आहे.

प्रथम काही भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. राष्ट्रध्वज देशाचा असतो. सेनाध्वज संपूर्ण दलाचा असतो. राष्ट्रपतींकडून एखाद्या तुकडीला प्रदान होणारे निशाण त्या तुकडीच्या सेवेचा सन्मान असते. या तिन्हींहून पददर्शक ध्वज निराळा आहे. तो देशाचा नाही, दलाचा नाही आणि काटेकोरपणे पाहता व्यक्तीचाही नाही. अमुक श्रेणीचा अधिकारी या क्षणी येथे उपस्थित आहे किंवा या ठाण्याची सत्ता त्याच्याकडे आहे, एवढेच तो सांगतो. अधिकारी बदलला की तोच ध्वज दुसऱ्याचा होतो. बढती मिळाली की त्याच माणसाचा ध्वज बदलतो. आणखी एक बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ हिने मोटारीवर राष्ट्रध्वज लावण्याचा अधिकार ज्यांना दिला आहे त्यांच्या यादीत राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, प्रधानमंत्री, मंत्री, परदेशातील भारतीय वकिलातींचे प्रमुख, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश इत्यादींचा समावेश आहे. सेनादलांचे प्रमुख त्या यादीत नाहीत. राष्ट्रध्वजाच्या रक्षणाची शपथ घेतलेल्या सेनानीच्या मोटारीवर राष्ट्रध्वज नसतो, तर त्याच्या पदाचा ध्वज असतो. नागरी सत्तेच्या श्रेष्ठत्वाचे लोकशाही तत्त्व येथे कापडाच्या एका तुकड्यात व्यक्त झाले आहे, असे म्हणता येईल.

समुद्रावरील व्याकरण

पददर्शक ध्वजाची पाश्चात्त्य परंपरा मुख्यतः नौदलीय आहे आणि तिच्या मुळाशी निव्वळ व्यावहारिक गरज होती. शिडाच्या जहाजांच्या काळात ताफ्याचा प्रमुख कोणत्या जहाजावर आहे हे इतर सर्व जहाजांना दुरून कळणे आवश्यक असे, कारण आज्ञा तेथूनच निघत. इंग्लंडच्या नौदलात ताफ्याचे लाल, पांढरा व निळा असे तीन विभाग होते. ध्वजाच्या रंगावरून विभाग कळे आणि तो कोणत्या डोलकाठीवर चढविला आहे त्यावरून अधिकारी कळे. मधल्या डोलकाठीवर अॅडमिरल, पुढच्या काठीवर व्हाइस अॅडमिरल, मागच्या काठीवर रिअर अॅडमिरल अशी ती योजना होती. म्हणजे ध्वजाचे कापड निम्मीच माहिती देत होते. उरलेली माहिती त्याचे स्थान देत होते. १८६४ साली रंगांचे हे विभाग रद्द झाले. पुढे वाफेच्या जहाजांवरील डोलकाठ्यांची संख्या घटल्यावर स्थानाची भाषा निरुपयोगी ठरली आणि पदाची खूण कापडावर आणावी लागली. पांढऱ्या भूमीवरील तांबड्या क्रुसाच्या ध्वजात व्हाइस अॅडमिरलसाठी एक लाल गोळा आणि रिअर अॅडमिरलसाठी दोन गोळे घालण्यात आले. अॅडमिरलचा ध्वज कोराच राहिला.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण त्यातील तर्क पाहण्याजोगा आहे. या व्यवस्थेत खूण ही उणेपणाची आहे. गोळे जितके अधिक, पद तितके खालचे. ज्याच्या ध्वजावर काहीच नाही तो सर्वश्रेष्ठ. विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झालेली ताऱ्यांची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रत्येक तारा हा संचय आहे. एका व्यवस्थेत श्रेष्ठत्वाला खुणेची गरज नाही आणि दुसरीत श्रेष्ठत्व मोजून दाखवावे लागते. खानदानी सत्ता आणि नोकरशाहीतील सत्ता यांच्यातील फरक इतक्या थोडक्यात अन्यत्र क्वचितच सापडेल.

नौदलीय व्याकरणाचा दुसरा नियम आकाराचा आहे. अॅडमिरलांचे ध्वज आयताकृती, तर त्यांच्या खालच्या कमोडोरचा ध्वज टोकाशी दुभंगलेला. मराठी वाचकाला दुभंगलेल्या टोकाचा ध्वज म्हटल्यावर भगवा आठवणे स्वाभाविक आहे. भगव्याच्या बाबतीत ती दोन टोके सर्वोच्च सत्तेची ओळख आहेत. इंग्रजी नौदलाच्या रूढीत तीच दोन टोके आयतापेक्षा एक पायरी खाली असल्याची खूण ठरतात. आकाराला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो शेजारच्या आकाराशी असलेल्या भेदातून येतो, हे चिन्हमीमांसेतील प्राथमिक सूत्र शिकविण्यासाठी वर्गात याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

विमानाला ध्वज लावता येत नाही

१ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटनमध्ये स्थलसेनेचा रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा यांचे एकत्रीकरण होऊन रॉयल एअर फोर्स हे स्वतंत्र दल स्थापन झाले. या दलापुढे चिन्हांचा प्रश्न अगदी आरंभापासून होता. विमान वेगाने जाते, दिशा बदलते, उलटेही होते. त्यावर कापड फडकविणे शक्य नाही. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिशांनी पंखांवर आपला राष्ट्रध्वज रंगविला, परंतु त्यातील क्रूस दुरून जर्मन क्रुसासारखा दिसू लागला आणि स्वतःच्याच सैनिकांकडून गोळीबार होण्याचा धोका निर्माण झाला. १९१४ च्या अखेरीस फ्रेंचांचे वर्तुळचिन्ह रंगांचा क्रम उलटवून स्वीकारण्यात आले. वर्तुळाला वर-खाली नसते, पुढे-मागे नसते. कोणत्याही कोनातून ते सारखेच दिसते. आकाशातील युद्धाने स्वतःच्या गरजेतून निर्माण केलेले हे अस्सल चिन्ह होय. रणांगणावर जे काम पूर्वी ध्वज करीत होता ते काम विमानावर वर्तुळाने स्वीकारले.

याचा अर्थ असा की हवाई दलातील ध्वज जन्मतःच आपल्या मूळ कार्याला पारखा झाला होता. अॅडमिरल त्याच्या जहाजावर असे, म्हणून ध्वज जहाजावर असे. हवाई दलातील वरिष्ठ अधिकारी बहुधा विमानात नसतो. तो जमिनीवरील मुख्यालयात नकाशासमोर असतो. त्याच्या ध्वजाकडे पाहून कोणतेही विमान दिशा ठरवीत नाही. तरीही पददर्शक ध्वज निर्माण झाले आणि तेही नौदलाच्या व्याकरणानुसार. येथे उपयोग संपलेला आहे आणि प्रतिष्ठा तेवढी उरली आहे. किंबहुना उपयोग नसल्यामुळेच प्रतिष्ठा शुद्ध स्वरूपात दिसते.

नव्या दलाला ध्वज मिळविण्यासाठी झगडावे लागले हेही लक्षात घेतले पाहिजे. नौदल खात्याने स्वतंत्र ध्वजाच्या कल्पनेला दीर्घकाळ विरोध केला. अखेर आकाशी निळ्या भूमीवर कोपऱ्यात राष्ट्रध्वज आणि फडकत्या बाजूस वर्तुळचिन्ह असा ध्वज राजाच्या संमतीने १९२१ मध्ये प्रचारात आला. सेनाध्वज म्हणून ही रचना यशस्वी आहे. तिच्यात नव्या दलाने स्वतः घडविलेले चिन्ह केंद्रस्थानी आहे आणि रंगही आकाशाचा आहे. पददर्शक ध्वजांच्या बाबतीत मात्र ही सर्जकता टिकली नाही. त्यांत निळ्या भूमीवर लाल पट्टे येतात आणि पट्ट्यांची संख्या व रुंदी यांवरून श्रेणी ओळखायची असते. एअर व्हाइस मार्शल व त्यावरील अधिकाऱ्यांचे ध्वज आयताकृती, एअर कमोडोरचा दुभंगलेल्या टोकाचा, तर विंग कमांडर व स्क्वाड्रन लीडर यांच्या पताका त्रिकोणी. आयत, दुभंग, त्रिकोण ही उतरती भाजणी सरळ जहाजावरून उचललेली आहे.

पट्ट्यांचे मूळ कोठे शोधावे? हवाई दलाच्या गणवेशातील बाहीवरील पट्ट्यांकडे लक्ष जाणे अपरिहार्य आहे. एअर कमोडोरच्या बाहीवर एक रुंद पट्टा असतो आणि त्यापुढील प्रत्येक पदाला त्यावर एकेक अरुंद पट्ट्याची भर पडत जाते. रॉयल एअर फोर्सच्या मार्शलपर्यंत असे चार अरुंद पट्टे होतात. हे पट्टेही नौदलाचेच, फक्त नौदलाच्या पट्ट्याला असलेला वेढा हवाई दलाने काढून टाकला. ध्वजावरील पट्टे बाहीवरील पट्ट्यांची हुबेहूब नक्कल नसले तरी मोजण्याची रीत तीच आहे. चिन्हाने वस्तूकडे निर्देश करण्याऐवजी दुसऱ्या चिन्हाकडे निर्देश करावा, अशी ही अवस्था आहे. वर्तुळचिन्हाने आकाशाशी जो प्रत्यक्ष संबंध जोडला होता तो पददर्शक ध्वजात सुटला आणि त्याच्या जागी शिंप्याचे काम आले, असे म्हटल्यास ते फार कठोर ठरू नये.

नावांची उसनवारी

ध्वजाची चिकित्सा पदनामांना वगळून पूर्ण होऊ शकत नाही. १९१८ मध्ये नव्या दलाने स्थलसेनेची पदनामे तात्पुरती वापरली. स्वतंत्र नावांची गरज निर्माण झाली तेव्हा नौदलाच्या पदांमागे केवळ 'एअर' हा शब्द जोडावा असा एक प्रस्ताव होता, परंतु नौदल खात्याने त्यास हरकत घेतली. दुसरा प्रस्ताव अधिक कल्पक होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी 'आर्डियन' हे नाव सुचविण्यात आले होते. 'प्रमुख' आणि 'पक्षी' या अर्थांच्या दोन गेलिक शब्दांचा तो संधी होता. कर्नलच्या तोडीच्या पदासाठी 'बॅनरेट' हे नाव सुचले होते. मध्ययुगीन युरोपात स्वतःच्या ध्वजाखाली सैन्य नेण्याचा अधिकार असलेल्या सरदाराला बॅनरेट म्हणत. म्हणजे ज्याच्या नावातच ध्वज आहे असे एक पद हवाई दलात येता येता राहिले. १९१९ मध्ये प्रत्यक्षात स्वीकारली गेलेली नावे ही तडजोड होती. त्यांत मार्शल स्थलसेनेचा, कमोडोर समुद्राचा, कॅप्टन दोघांचाही, आणि स्क्वाड्रन, विंग, ग्रुप ही तेवढी हवाई दलाच्या स्वतःच्या रचनेतून आलेली. सर्वोच्च पदासाठी आधी 'मार्शल ऑफ द एअर' असे नाव योजिले होते. वायूचे स्वामित्व परमेश्वराखेरीज कोणाकडे असू शकते काय, अशा आक्षेपामुळे ते बदलले, असे सांगितले जाते. १ जानेवारी १९२७ रोजी ह्यू ट्रेंचर्ड हे 'मार्शल ऑफ द रॉयल एअर फोर्स' झाले तेव्हा त्या नावात वायूऐवजी दल आले होते.

भारतीय हवाई दलाने ही नावे जशीच्या तशी घेतली. मराठी वृत्तपत्रे 'हवाई दल' आणि 'वायुसेना' या शब्दांत निवड करतात, पण 'विंग कमांडर' आणि 'एअर कमोडोर' यांना हात लावीत नाहीत. 'पंखनायक' असा शब्द कोणी घडविला नाही आणि घडविला असता तर तो टिकला नसता. पदनाम हे भाषांतराला दाद देत नाही, कारण ते वर्णन नसून संबोधन असते. एअर कमोडोर या शब्दातील समुद्र आज कोणालाही ऐकू येत नाही. त्याच्या ध्वजाच्या दुभंगलेल्या टोकात मात्र तो अजून दिसतो.

भारतीय वारसा

८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये 'रॉयल' हे उपपद मिळाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते गळाले. या काळात वर्तुळचिन्हात झालेले बदल उद्बोधक आहेत. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील आघाडीवर जपानी विमानांवरील लाल सूर्याशी गोंधळ होऊ नये म्हणून वर्तुळातील लाल रंग काढला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले आणि प्रजासत्ताकाबरोबर केशरी, पांढरा व हिरवा अशी एककेंद्री वर्तुळे स्थिर झाली. सेनाध्वजाची मांडणी ब्रिटिश ध्वजाचीच राहिली. कोपऱ्यात तिरंगा आणि फडकत्या बाजूस तिरंगी वर्तुळ. शब्द बदलले, वाक्यरचना तीच.

वसाहतवादी वारशाविषयी लिहिताना हा मुद्दा नेहमी तक्रारीच्या सुरात मांडला जातो. त्याची दुसरी बाजूही आहे. सेनादलात सातत्य हे मूल्य असते. सत्तांतराच्या काळात, फाळणीने दल दुभंगलेले असताना आणि काश्मीरमध्ये विमाने उडत असताना श्रेणींची व चिन्हांची घडी मोडणे शहाणपणाचे झाले नसते. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या दशकांचा. रचना जपण्याचे कारण संपल्यावरही ती जपली गेली ती विचारपूर्वक की सवयीने?

आपल्या परंपरेत पददर्शक ध्वज नव्हता काय, असाही प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागेल. महाभारतातील रथांचे ध्वज प्रसिद्ध आहेत. अर्जुनाचा कपिध्वज, भीष्मांचा तालध्वज, द्रोणांची वेदी व कमंडलू ही त्यांतील ठळक उदाहरणे. परंतु हे ध्वज व्यक्तीचे आहेत, पदाचे नाहीत. रथी, महारथी, अतिरथी अशी योद्ध्यांची श्रेणी महाकाव्याला ठाऊक आहे, मात्र त्या श्रेणीला ध्वज नाही. विराटपर्वात भीष्मांच्या ध्वजावर पाच तारे असल्याचा निर्देश येतो. त्यावरून आजच्या पंचतारांकित मार्शलपदाचे मूळ महाभारतात असल्याचा सिद्धांत मांडण्याचा मोह एखाद्याला होईल. अलीकडे चर्चासत्रांतून अशी विधाने टाळ्या मिळवितात, म्हणून सांगावे लागते की दोन ठिकाणी पाच तारे असणे म्हणजे त्यांच्यात संबंध असणे नव्हे. भीष्मांच्या ध्वजावरील पाच तारे त्यांना द्रोणांहून श्रेष्ठ ठरवीत नाहीत, ते केवळ 'हे भीष्म आहेत' एवढेच सांगतात. चार ताऱ्यांचा कोणी उपसेनापती तेथे नाही. श्रेणी ही शेजारच्या खुणेवाचून सिद्ध होत नाही.

पद आणि ध्वज यांचा खरा सांधा मध्ययुगात सापडतो. मोगल मनसबदारीत वरच्या मनसबदारांना 'आलम' म्हणजे निशाण आणि 'नक्कारा' म्हणजे नगारा बाळगण्याचा मान मिळे. त्याहून मोठा मान 'माही-मरातिब' या माशाच्या चिन्हाचा. 'मरातिब' हे 'मर्तबा' या शब्दाचे अनेकवचन. मर्तबा म्हणजे पायरी, पद. मराठीतील 'मानमरातब' हा शब्द तेथूनच आला आहे. लग्नपत्रिकेत आणि मानपत्रात सहज वापरला जाणारा हा शब्द मुळात श्रेणी व निशाण यांची सांगड जपून आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. मराठेशाहीत मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराला फौजेबरोबर जरीपटका दिला जाई आणि त्या मोहिमेपुरते नेतृत्व त्याच्याकडे येई. जरीपटका हा सरदाराचा नव्हे, दिलेल्या अधिकाराचा ध्वज. या अर्थाने तो आधुनिक पददर्शक ध्वजाच्या पुष्कळ जवळ जातो. दोहोंत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. जरीपटका कामगिरीशी बांधलेला होता, तर आधुनिक पददर्शक ध्वज पदश्रेणीशी बांधलेला असतो आणि कामगिरी कोणतीही असली तरी त्याचे रूप तेच राहते.

भर आणि बदल

अलीकडच्या काळातील दोन घटना या चर्चेच्या दृष्टीने निर्णायक आहेत. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल होताना भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. तांबडा क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतलेली चौकट आली. पुढे ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्ग येथील नौदल दिनाच्या कार्यक्रमात अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पदचिन्हांतही राजमुद्रेची प्रेरणा आणण्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अॅडमिरलांची नवी पदचिन्हे जाहीर झाली. त्यांत अष्टकोन, तलवार व दुर्बीण आहेत. महाराष्ट्रात या निर्णयाचे स्वागत होणे स्वाभाविक होते आणि आरमाराची दृष्टी असलेल्या राजाची मुद्रा आरमाराच्या ध्वजावर यावी यात औचित्यही आहे. तथापि चिकित्सेच्या अंगाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अॅडमिरलांची परस्परांतील श्रेणी आजही ताऱ्यांच्या संख्येनेच कळते. अष्टकोन सर्वांना समान आहे. म्हणजे 'आपण कोण' याचे उत्तर स्वदेशी झाले, 'कोण कोणाच्या वर' याचे उत्तर पूर्वीच्याच भाषेत राहिले. शिवकालीन अष्टप्रधानांत किंवा आरमारात श्रेणी दाखविण्याची जी रीत होती तिचा शोध घेऊन हे दुसरे उत्तर बदलणे अधिक अवघड आणि अधिक अर्थपूर्ण काम होते. त्याला कोणी हात घातला नाही.

हवाई दलाने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रयागराज येथे आपला नवा ध्वज फडकविला. त्याचे अनावरण तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांच्या हस्ते झाले. नांदेड जिल्ह्यातील या सुपुत्राचे नाव हृषीकेश मुळगावकर व प्रदीप नाईक यांच्या मालिकेत घेतले जाते. या ध्वजात जुनी मांडणी कायम ठेवून फडकत्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात दलाचे बोधचिन्ह घालण्यात आले. बोधचिन्हात सर्वात वर अशोकस्तंभावरील सिंह, त्याखाली देवनागरीत राष्ट्रीय बोधवाक्य, पंख पसरलेला हिमालयीन गरुड, त्याभोवती दलाचे नाव असलेले कडे आणि भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातून घेतलेले दलाचे ब्रीदवाक्य आहे. यातील प्रत्येक घटक आदरणीय आहे. प्रश्न त्यांच्या एकत्र येण्याचा आहे. एकाच कापडावर तिरंगा दोनदा आला आहे, एकदा ध्वजरूपाने आणि एकदा वर्तुळरूपाने. त्यात सिंह, पक्षी आणि तीन ठिकाणी अक्षरे आली. ध्वज हा हलत्या कापडावरील मजकूर आहे, तो दुरून आणि वाऱ्यात वाचावा लागतो. अक्षर वाऱ्यात वाचता येत नाही. जुना ध्वज उसना होता, पण वाचनीय होता. नवा ध्वज आपला आहे, पण काठीच्या पायथ्याशी उभे राहिल्याखेरीज त्यातील नवा भाग कळत नाही. नौदलाने निदान एक चिन्ह काढून दुसरे आणले. हवाई दलाने काहीही न काढता भर घातली. उसन्या मांडणीवर देशी ऐवज चढविल्याने मांडणी देशी होत नाही, आणि ऐवजाचीही शोभा कमी होते.

यावर असे म्हणता येईल की ध्वजाचे कार्य वाचले जाणे नसून मानला जाणे हे आहे, आणि सैनिकाला आपल्या ध्वजावर काय आहे हे माहीत असते. हा युक्तिवाद निरर्थक नाही. परंतु तो मान्य केला तर हवाई दलातील ध्वजाने दिसण्याचे कार्य पूर्णपणे सोडून दिले आहे, हेही मान्य करावे लागते. मग आकाशी रंग आणि वर्तुळ तरी कशासाठी?

पाच तारे

पददर्शक ध्वजांच्या क्षेत्रात पट्ट्यांना मागे सारून ताऱ्यांनी मिळविलेला विजय हा अमेरिकन सत्तेच्या विस्ताराचा एक दुर्लक्षित अध्याय आहे. अमेरिकन स्थलसेनेत जनरलांचे ध्वज लाल भूमीवर पांढऱ्या ताऱ्यांचे. १९४७ मध्ये हवाई दल स्वतंत्र झाल्यावर त्याच्या जनरलांनी तारे ठेवले आणि भूमी निळी केली. अमेरिकन नौदल दोन तारे उभे, तीन त्रिकोणात व चार चौकोनी ठेवणीत मांडते, तर हवाई दल स्थलसेनेप्रमाणेच ते एका ओळीत मांडते. कोणाच्या पोटातून कोण जन्मले हे या ओळीवरून कळते. ताऱ्यांचा मोठा गुण असा की ते भाषांतराशिवाय कळतात. एअर कमोडोर, ब्रिगेडियर आणि रिअर अॅडमिरल यांची तुलना करताना परदेशी अतिथीचा जो गोंधळ होतो तो मोटारीवरील फलकाने मिटतो. ब्रिटिश हवाई दलाच्या मोटारींवरही निळ्या फलकावर पांढरे तारे आले आणि भारतातही ती पद्धत रूढ आहे. नागपूरला देखभाल कमानीचे मुख्यालय आहे. तेथील प्रमुख एअर मार्शल असतो. त्याच्या मोटारीवरील तीन तारे रस्त्यावरच्या विद्यार्थ्यालाही मोजता येतात. पट्ट्यांचा ध्वज जाणकारांसाठी होता, तारा सर्वांसाठी आहे. मात्र ज्या लोकशाही सुबोधतेमुळे तारा लोकप्रिय झाला तिनेच त्याची किंमत उतरविली, हेही खरे. उपाहारगृहे आणि निवासगृहे आज तेच तारे लावतात.

या व्यवस्थेच्या टोकाला पाच ताऱ्यांचे पद आहे. अमेरिकेत हेन्री आर्नल्ड यांना ७ मे १९४९ रोजी 'जनरल ऑफ द एअर फोर्स' करण्यात आले, तेव्हा ते तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले होते. ते पद त्यांच्याखेरीज कोणालाही मिळाले नाही. भारतात अर्जन सिंग १९६९ साली हवाई दलप्रमुखपदावरून निवृत्त झाले. १९६५ च्या युद्धात त्यांनी दलाचे नेतृत्व केले होते आणि १९६६ मध्ये एअर चीफ मार्शल होणारे ते पहिले अधिकारी होते. जानेवारी २००२ मध्ये त्यांना 'मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स' ही पदवी देण्यात आली. निवृत्तीला तीन दशके उलटून गेली होती. त्यांच्या हाताखाली एकही विमान नव्हते, एकही तुकडी नव्हती. तरी मार्शल तहहयात सेवेत असतो, या रूढीनुसार त्यांच्या मोटारीवर पाच ताऱ्यांचा अधिकार आला.

येथे पददर्शक ध्वजाच्या व्याख्येलाच तडा जातो. आरंभी सांगितल्याप्रमाणे हा ध्वज व्यक्तीचा नसतो. अधिकारी बदलतो, ध्वज राहतो. ज्या पदाचा धारक एकच आहे, ज्या पदाकडे आज्ञा देण्याचे काम नाही आणि ज्याचा उत्तराधिकारी नेमला जात नाही, त्या पदाचा ध्वज वस्तुतः व्यक्तीचा ध्वज होतो. महाकाव्यातील रथावर जे होते त्याच्याशी त्याचे नाते जुळते. आर्नल्ड आणि अर्जन सिंग या दोन्ही उदाहरणांत समाजाला पद निर्माण करायचे नव्हते, एका माणसाचा सन्मान करायचा होता. त्यासाठी त्याच्याकडे श्रेणीशिवाय दुसरी भाषा नव्हती, म्हणून त्याने श्रेणी एका पायरीने वाढविली. महाभारतकाराने त्याच हेतूसाठी श्रेणीला स्पर्श न करता ताडाचे झाड काढले असते.

१६ सप्टेंबर २०१७ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी अर्जन सिंग यांचे दिल्लीत निधन झाले. अंत्यसंस्कारांच्या दिवशी राजधानीतील शासकीय इमारतींवरील राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आला. हयातभर ज्या ध्वजावर अधिकार नव्हता तो राष्ट्रध्वज त्यांच्यासाठी खाली आला. पाच ताऱ्यांच्या ध्वजाला तेव्हापासून धारक नाही.